वांद्र्याच्या मातीतले नळ

मंडळी, धातू शोधणारं यंत्र म्हटलं की आपल्याला रेल्वे स्टेशनच्या दारातली ती चौकट आठवते, जिच्यातून सगळी मुंबई पिशव्यांसकट जाते आणि जी सतत वाजत असते. त्याच जातीचं एक हातात धरायचं यंत्र असतं. लांब दांडा, टोकाला जेवणाच्या ताटलीएवढी चकती आणि कानाला लावायचा हेडफोन. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यातही विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि ते यंत्राला कळतात. कानात आवाज येतो. तुकडा सोन्याचा आहे की शेजाऱ्याने फेकलेल्या नळाचा, हे मात्र यंत्र सांगत नाही. नाणं आणि पितळी तोटी या दोघांचा आवाज बरेचदा सारखाच वाटतो.

माझ्या बहिणीचा मुलगा मस्कतहून येताना असं एक यंत्र घेऊन आला. बाजार रोडच्या मागच्या बाजूला एक जुनं घर पुनर्विकासात पडणार होतं. घरमालकांना विचारून त्याने तिथलं आवार तीन रविवार पालथं घातलं. चिंबईच्या किनाऱ्यावरही तो जाऊन आला, पण खाऱ्या ओल्या वाळूत यंत्र उगाच कुरकुरत राहतं, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. आवारात मात्र यंत्र मनापासून वाजलं. खिळे निघाले, बाटल्यांची झाकणं निघाली आणि बाकी सगळं निघालं ते नळाचं सामान. पोरगा हिरमुसला. म्हणाला, "मामू, हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकतो." मी म्हटलं, थांब. कवी माणसाला टाकाऊ वस्तूंचा सोस असतो असं आमच्या घरात म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत.

मग मी आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. पन्नास वर्षं त्यांनी वांद्र्यातले नळ जोडले आहेत. वर्तमानपत्रावर मांडलेले ते गंजके तुकडे बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू जुने दोस्त भेटले. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

आधी एक प्रश्न. वांद्र्याच्या जमिनीत नळाचं सामान इतकं का असावं? कारण या गावाने पाणी मिळवण्याच्या तऱ्हा बऱ्याच वेळा बदलल्या. लँड्स एंडचा किल्ला पोर्तुगीजांनी 1640 मध्ये बांधला, त्याचं नावच कास्तेला द आग्वादा, म्हणजे पाणी भरून घ्यायच्या जागेचा किल्ला. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजं तिथे पाणी भरत. वांद्रे तलाव नौपाड्याच्या एका श्रीमंत कोकणी मुसलमानाने बांधला असं सांगतात. बाकी सगळा कारभार विहिरींवर. मुंबई शहरात विहारचं पाणी 1860 मध्ये आलं, तुळशीचं 1879 मध्ये, तानसाचं 1892 मध्ये. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतं. इथली नगरपालिका 1876 ची, स्वतंत्र. 1950 मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत आलं. विहिरीवरचा हातपंप, मग आवारातला एकच नळ, मग स्वयंपाकघरातला, मग गच्चीवरची टाकी. दर वेळी नवा पाइप आला आणि जुना बहुतेक वेळा जागच्या जागी राहिला. मिस्त्री म्हणाले, "शायरसाहेब, जुना पाइप उकरून काढायची मजुरी पाइपाच्या किमतीपेक्षा जास्त. कोण काढणार?"

आता ओळखायचं कसं? मिस्त्रींची रीत साधी आहे. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, की पाणी हिच्यात शिरतं कुठून, निघतं कुठून आणि अडतं कुठे? दोन्ही तोंडं मोकळी आणि मध्ये काहीच अडसर नाही, म्हणजे तो नुसता जोड. सरळ असेल तर सॉकेट, काटकोनात वळला तर एल्बो, तीन तोंडं असतील तर टी. आत एक गोल बैठक आणि वरून तिच्यावर टेकणारा दांडा असेल, तर ती तोटी किंवा स्टॉप कॉक. ज्याचं एक तोंड मोकळं सोडलेलं आणि खाली झुकलेलं, ती तोटी. ज्याची दोन्ही तोंडं पाइपात जातात तो स्टॉप कॉक. आत एकाच बाजूला उघडणारी झडप असेल तर पाणी परत जाऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह. अशा झडपेच्या खाली जाळीदार टोपली असेल, मिठाच्या डबीसारखी भोकाभोकांची, तर तो विहिरीच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह. तो पाइपाच्या तळाशी पाण्यात बुडलेला असतो. टोपली कचरा अडवते आणि झडप पाइपातलं पाणी खाली पडू देत नाही. आमच्या आवारात असा एक फूट व्हॉल्व्ह मिळाला आणि त्यावरून घरमालकांनाच पहिल्यांदा कळलं, की मागच्या भिंतीजवळ त्यांच्या आजोबांच्या वेळी विहीर असली पाहिजे.

या प्रश्नाने एक मोठं कोडंही सुटलं. दुसऱ्या रविवारी जमिनीतून एक घंटा निघाली. वीतभर उंच, जड, गंजाने लाल झालेली, वर कडी. वांद्र्यात घंटा निघाली म्हटल्यावर काय विचारता! अर्ध्या तासात शेजारच्या गल्लीतल्या दोन आंटी आल्या, एक जण म्हणाली, ही चर्चची जुनी घंटा. दुसरी म्हणाली, शाळेची. मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढून तिला लावलं. टक्कन चिकटलं. देवळाची किंवा चर्चची घंटा बहुधा काशाची असते, तिला चुंबक चिकटत नाही. ही बीडाची होती. आत लोळी नव्हती, लोळी अडकवायची जागाही नव्हती. खालच्या काठाला मात्र खाचा होत्या. मिस्त्री हसायला लागले आणि म्हणाले, "ही संडासाची घंटा आहे."

पूर्वी संडासात उंचावर बीडाची टाकी असायची आणि तिला लोंबती साखळी. आमच्या वयाच्या लोकांनी ती ओढलेली आहे. त्या टाकीच्या पोटात, मधल्या उभ्या नळीवर, अशी घंटा पालथी घातलेली असायची. साखळी ओढली की घंटा उचलली जायची, सोडली की आपल्या वजनाने दाणकन खाली बसायची. तिच्या आतलं पाणी त्या दाबाने उभ्या नळीच्या तोंडावरून आत ढकललं जायचं. एकदा पाण्याची ती धार सुरू झाली की मागचं सगळं पाणी ती आपल्याबरोबर ओढून न्यायची, तेच सायफनचं तत्त्व. खालच्या खाचांमधून पाणी आत शिरायचं. टाकी रिकामी झाली, खाचांतून हवा शिरली की ओढ तुटायची. एकही रबरी भाग नाही, बिघडायला जवळजवळ काही नाही. आंटी दोघी निघून गेल्या. कारागिरी म्हणून मला ती घंटा अजूनही चर्चच्या घंटेइतकीच मोलाची वाटते, पण हे मी त्यांना बोललो नाही.

अशीच फसवणारी दुसरी वस्तू म्हणजे तांब्याची अर्धगोल वाटी. काठाला सभोवार डाख दिल्याची रेघ आणि माथ्यावर आट्यांचं छोटं बोंड दिसलं, तर ती वाटी नव्हे, टाकीतल्या बॉल कॉकच्या गोळ्याचं अर्धं अंग. तिसरी वस्तू आमच्या घरांमधली, बधना. म्हणजे वजूसाठी आणि इतरही कामांसाठी वापरायचा तोटीचा लोटा. त्याची तुटलेली तोटी मातीत सापडली तर नळाचा भाग वाटते. फरक एवढाच, की तिला आटे नसतात आणि आत कधी कधी कल्हईचा पांढुरका थर दिसतो.

आटे हा शब्द आलाच आहे, तर त्यावर थोडं थांबतो, कारण नळाच्या तुकड्याची खरी ओळख आट्यांत असते. आपल्याकडच्या पाइपांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1841 मध्ये मांडलेल्या आट्यांच्या घराण्यातले. अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइपाला एका इंचात 14 आटे, एक इंचीला 11. तुकड्यावर इंचभर आटे नसतात, म्हणून शाळेची पट्टी लावून अर्ध्या इंचातले मोजायचे. सात भरले की अर्धा किंवा पाऊण. गंजामुळे दिसत नसतील तर वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासायची, रेघा उमटतात.

इथे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. अर्धा इंची पाइप मोजून बघा, कुठेही अर्धा इंच भरत नाही. बाहेरून तो जवळजवळ 21 मिलिमीटर असतो, पाऊण इंची साडेसव्वीस आणि एक इंची 33 च्या वर. अर्धा, पाऊण, एक ही नावं पूर्वीच्या पोकळीची आहेत, म्हणजे पाणी जायच्या वाटेची. नाव राहिलं, माप सरकलं. माणसांच्या आडनावांचंही असंच होतं. असो. अमेरिकन सामानाच्याही अर्ध्या आणि पाऊण इंचाला 14 च आटे असतात, पण त्यांचा कोन निराळा. ब्रिटिशांचा 55 अंश, अमेरिकनांचा 60. त्यामुळे एकात दुसरा दोन फेरे शिरतो, मग अडतो आणि जबरदस्ती केली तर जन्मभर गळतो.

आट्यांत काय अडकलंय तेही बघायचं. सुतळीचा किंवा तागाचा धागा आणि पांढरा कडक थर, म्हणजे जुनं काम. तो थर सफेद्याचा. पांढरी पातळ टेप दिसली तर ते अलीकडच्या काही दशकांतलं काम. तोटीवर आयएसआयचा शिक्का असेल तर ती 1955 च्या पुढचीच, कारण शिक्का देण्याची पद्धत तेव्हापासूनची. क्रोमचा चकचकीत मुलामा असेल तर 1920 च्या दशकाच्या आधीची नाही. जस्ती पाइपावर रंगाचा पट्टा शिल्लक असला तर पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जाड. पितळी डबीवर बाण कोरलेला असेल तर तो पाण्याचा मीटर, बाण पाण्याची दिशा दाखवतो. असा मीटर जमिनीत मिळाला तर त्याची एखादी गोष्ट असते. पितळेसाठी मीटर चोरणं हा मुंबईतला जुना धंदा आहे.

धातू ओळखणं त्या मानाने सोपं. चुंबक चिकटलं तर लोखंड किंवा बीड. बीड फुटतं, वाकत नाही, आणि तुटलेल्या जागी दाणेदार करडं दिसतं. हिरवा गंज म्हणजे तांबं, पितळ किंवा गनमेटल. वांद्र्यासारख्या खाऱ्या हवेच्या गावात पितळाचं एक विशेष होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या ओलीत जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. अशा तोटीवर गुलाबी लालसर डाग दिसतात, लोक म्हणतात तांब्याची आहे. पाना लावला की बिस्किटासारखी तुटते.

आणि मग शिसं. इथे मला जरा आवाज चढवू द्या. तुकडा अंगापेक्षा जड, करडा, वर पांढुरकी भुकटी, नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासला तर पेन्सिलीसारखी रेघ येते, तो शिशाचा. वांद्र्यात शिसं दोन वाटांनी जमिनीत येतं. एक कोळ्यांच्या जाळ्यांची वजनं. ती आखीव असतात आणि मधून दोरी जायला भोक असतं. दुसरी वाट नळाची. बीडाचा एक पाइप दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून, मधल्या फटीत आधी तागाचा पीळ ठासून, त्यावर वितळलेलं शिसं ओतत आणि छिन्नीने ठोकून घट्ट करत. पाइप फुटून गेला की ते शिशाचं कडं मागे राहतं. बांगडीसारखा वळलेला तुकडा, एका कडेवर छिन्नीचे ठोके आणि दुसऱ्या कडेवर तागाच्या पिळाचे ठसे. ते ठसे इतके स्पष्ट असतात, की धागा कुजून गेला तरी त्याचा पीळ कुठल्या बाजूचा होता ते सांगता येतं.

हे कडं सुंदर आहे आणि विषारी आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि मुलांसाठी सुरक्षित म्हणावं असं त्याचं कुठलंही प्रमाण आजच्या वैद्यकाला ठाऊक नाही. मासे पकडायची वजनं ओतायला पोरं असे तुकडे डब्यात टाकून चुलीवर वितळवतात. ते करू देऊ नका. आट्यांतला तो पांढरा सफेदाही शिशाचाच, म्हणून कोरडा खरवडायचा नाही, ओला करायचा. हात साबणाने धुवायचे. आणि एक आर्जव. हल्ली जुन्या पितळी तोट्या घासूनपुसून स्वयंपाकघरात बसवायची हौस आली आहे. जुन्या पितळातही थोडं शिसं मिसळलेलं असे, त्यामुळे ते कापायला सोपं जाई. अशी तोटी दिवाणखान्यात ठेवा, बागेच्या नळाला लावा. पिण्याच्या पाण्याला नको.

पाणी शिरतं कुठून हा प्रश्न आणखी एका कारणासाठी विसरू नये. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं आणि त्यातले जिवंत गोळे गोदीच्या गाळातून कित्येक दशकांनंतरही निघत राहिले. तोफगोळ्याच्या टोकाला पितळी शंकू असतो, त्याला आटे असतात, गोल कड्यावर आकडे असतात. अजाण माणसाला तो नळाचाच भाग वाटेल. पण त्यात पाण्याला वाट नसते. जड, शंकूसारखं, बंद, आकड्यांचं कडं असलेलं काहीही दिसलं तर घासायचं नाही, उचलायचं नाही, लांब होऊन पोलिसांना कळवायचं. कायद्याचंही थोडक्यात सांगतो. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे आणि जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तूंना 1972 चा कायदा लागतो. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर यंत्र न्यायचंच नाही.

तिसऱ्या रविवारी यंत्र वेगळंच वागलं. फाटकापासून घराच्या भिंतीपर्यंत आवाज सलग येत राहिला, तुटलाच नाही. पोराने हातभर खणलं. पाऊण इंची जस्ती पाइप, टोकाला एल्बो आणि त्यात प्लग ठोकलेला. घराला पाणी दुसऱ्या बाजूने, नव्या कनेक्शनमधून येत होतं. म्हणजे हा जुना, मेलेला पाइप. पोरगा करवत आणायला निघाला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. प्लगच्या भोवतीची माती त्यांनी चिमटीत घेतली, ती ओली होती. पाऊस जाऊन महिना झाला होता.

मुंबईत पाणी ठरावीक तासांनी येतं हे आपण सगळे जाणतो. पालिकेचा चावीवाला रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह लांब चावीने उघडतो, मग आपल्याकडे पाणी. बंद केला की पाइपातला दाब उतरतो. आणि उतरताना, रिकामा होणारा पाइप कुठल्याही भोकातून बाहेरचं पाणी आत ओढतो. गटाराचं असेल तर गटाराचं. वापरात नसलेला, गंजून चाळणी झालेला, पण मुख्य वाहिनीपासून न तोडलेला पाइप हा या कामासाठी जणू मुद्दाम ठेवलेला स्ट्रॉ असतो. गल्लीत कावीळ आली, जुलाब सुरू झाले की आपण टाक्या धुतो. अपराधी कधी कधी असा मातीखाली निजलेला असतो. म्हणून कनेक्शन बंद करायचं ते घराच्या टोकाला प्लग मारून नव्हे, मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपाशी. फेरूल म्हणजे पितळी, काटकोनी, मुठीत मावणारा तुकडा. खालचं निमुळतं अंग मोठ्या वाहिनीत घट्ट बसवलेलं, बाजूच्या तोंडातून घराचा पाइप निघतो आणि वरून स्क्रू पिळला की पाणी बंद. घराला किती पाणी मिळणार हे त्याच्या भोकाच्या मापावर असतं. एक फेरूल म्हणजे एका घराचा पाण्यावरचा हक्क, आणि हा हक्क मिळवायला या शहरात लोकांच्या पिढ्या गेल्या आहेत.

मिस्त्रींनी एक लाकडी दांडका पाइपावर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि पाणी यायच्या वेळेपर्यंत तिथेच बसून राहिले. पालिकेचे गळती शोधणारे लोकही रात्री रस्ता शांत झाला की सळई टेकवून असंच ऐकतात. पाणी यायची वेळ झाली. मिस्त्रींनी दांडका मला दिला. आत सूं असा आवाज होता, लांबून येणाऱ्या गाडीसारखा. पाइप जिवंत होता.

घरमालकांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. थोड्या दिवसांनी माणसं आली, फाटकाबाहेरचा रस्ता उकरला, फेरूल काढलं आणि मुख्य वाहिनीवरचं भोक बुजवलं. माती धुतल्यावर ते फेरूल हिरवं, धड, आटे शाबूत असं निघालं. भाच्याला ते हवं होतं. पण पालिकेची वस्तू पालिकेच्या गोणीत गेली आणि त्याला मोबाइलवर तिचा फोटो तेवढा काढता आला.